टाळी परक्या पायांना

अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरचे मान्यवर आणि रात्री आठच्या मालिका सोडून इथं येऊन बसलेली तुम्ही सगळी मंडळी, नमस्कार.

पत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचं नाव छापलंय ‘क्रीडाप्रेक्षकांचे मानसशास्त्र’. हे नाव माझं नव्हे. संयोजकांचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, “आपल्या मैदानावर येऊन आपल्यालाच धुऊन गेलेल्या खेळाडूंबद्दल बोलतो.” पलीकडं थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, “सर, पत्रिकेत बसत नाही.” म्हणून मानसशास्त्र. कुणी खरंच त्यासाठी आलं असेल तर दार डाव्या हाताला आहे. चहा मात्र शेवटी आहे, एवढं लक्षात असू द्या.

विषय साधा आहे. फुटबॉल बघायला आपण आपल्या माणसांसाठी जातो. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर ऊन खात दोन-दोन तास बसतो ते आपल्या तालमीसाठी. घसा बसतो तो आपल्या रंगासाठी. आणि तरीही पन्नास वर्षं मॅच बघितलेल्या कुठल्याही माणसाला बसवून विचारा, “सगळ्यात भारी काय बघितलंत?” तर तो आधी आपल्या दोन-तीन गड्यांची नावं घेईल, चहा पिईल, आजूबाजूला बघेल, आणि मग आवाज खाली आणून म्हणेल, “पण त्यांचा एक होता बघा...” हा जो ‘त्यांचा एक’ आहे, त्याच्याबद्दल मला आज बोलायचं आहे. घरचा प्रेक्षक परक्याला टाळी कधी देतो, का देतो, आणि ती आठवण शेवटी कुणाकडं राहते. तीन मुद्दे आहेत, लिहून आणलेत. पण आधी काकांची गोष्ट सांगून घेतो, नाहीतर ती राहून जाईल.

मी आठवीत होतो. काका मिलमध्ये कामाला. रविवारी मॅच असली की मला सायकलच्या नळीवर बसवून स्टेडियमवर न्यायचे. कुठल्या पेठेचे आम्ही, ते सांगत नाही. समोर दोन्ही बाजूंची मंडळी बसली आहेत आणि मला सुखरूप घरी जायचं आहे. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, इथं संघ म्हणजे क्लब नव्हे, तालीम. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, ही तालमींची नावं आहेत. ज्या मातीत आजोबांनी जोर-बैठका मारल्या त्याच नावाची जर्सी घालून नातू फुटबॉल खेळतो. त्यामुळं हरलो तर अकरा पोरं हरत नाहीत, गल्ली हरते. दुसऱ्या दिवशी दूध आणायला जाताना रस्ता बदलावा लागतो.

तर मॅच एक-एक बरोबरीत. दहाएक मिनिटं उरलेली. समोरच्या पेठेचा एक लेफ्ट आउट होता, डाव्या कडेनं खेळणारा. आता तुम्ही विंगर म्हणता, तेव्हा लेफ्ट आउट म्हणायचे. अंगात मांस नाही. जर्सी कुठल्यातरी थोरल्या भावाची असावी, बाह्या दुमडून कोपरापर्यंत आणलेल्या, मोजे घोट्यावर गोळा झालेले. आमच्या बाजूनं त्याला पहिल्या मिनिटापासून ‘काडी’ म्हणायला सुरुवात झाली होती. “ए काडी, वारा सुटलाय, घरी जा.” हलगीवाला तर त्याच्या पायात बॉल गेला की मुद्दाम लग्नातला ठेका धरायचा.

त्याला आमच्यासमोरच, रेषेला लागून, बॉल मिळाला. आमचा राइट बॅक म्हणजे तालमीतला गडी, मांडी असली की तुमची-माझी कंबर. तो धावत आला. आणि काडीनं काय करावं? बॉलवर तळवा ठेवला आणि उभा राहिला. पळाला नाही, पास दिला नाही. नुसता उभा, आणि राइट बॅककडं बघतोय. राइट बॅकही थांबला. दोघं एकमेकांकडं बघतायत, बाजारात ओळखीचं माणूस भेटल्यासारखे. दोन सेकंद असतील. मला विचाराल तर अजून संपलेली नाहीत. मागून कुणीतरी ओरडलं, “अरं घे की!” आणि आमच्या गड्यानं अंग टाकलं. काडीनं तळव्यानंच बॉल मागं ओढला, गडी पुढून घसरत जाहिरातीच्या पत्र्यापर्यंत गेला. दुसरा आला, त्याला खांद्यानं अशी झुकांडी दिली की तो चुकीच्या दिशेला चार पावलं चालतच राहिला. गोलकीपर बाहेर आला. त्याच्या डोक्यावरून बॉल अलगद उचलला. बॉलनं एक टप्पा घेतला आणि जाळ्यात जाऊन बसला. जोरात नाही, पाहुणा ओट्यावर बसतो तसा.

आमच्या गॅलरीत चिडीचूप. समोरची पेठ नाचतेय, पण आपल्याकडं शांतता असली की पलीकडचा दंगा लांबून आल्यासारखा ऐकू येतो. आणि त्या शांततेत आमच्या ओळीत टाळी वाजली. एकच. दुसरी अर्ध्यात अडकली. दोन्ही तळवे वीतभर अंतरावर, हवेत. काकांचे.

दोनशे माना वळल्या. काकांनी आपल्याच तळव्यांकडं बघितलं, उजवा तळवा उघडून निरखला आणि म्हणाले, “डास हुता.”

हलगीवाला म्हणाला, “एप्रिलात? साडेचारच्या उन्हात?”

मॅच आम्ही हरलो. संध्याकाळी काका पानपट्टीवर गेले तर पानवाल्यानं चुना लावायला घेतलेलं पान खाली ठेवलं आणि म्हणाला, “तुमाला आता त्या पेठंत मिळंल.” तीन आठवडे काका तंबाखू घरून नेत होते. आणि नाव पडलं ते पडलंच, डासकाका. लग्नपत्रिकेवर कंसात घालायचं तेवढं बाकी होतं. ते गेले तेव्हा दहाव्याला घाटावर मागं उभं राहून कुणीतरी म्हणालं, “डास गेला रं.” मला राग नाही आला. मला तो लेफ्ट आउट डोळ्यांसमोर आला.

या गोष्टीचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे. मी पुढं बँकेत लागलो. कर्जाच्या तपासणीसाठी उद्यमनगरात एका शेडवर गेलो होतो. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, कोपऱ्यात लोखंडाच्या कुरळ्या बुरीचा ढीग. मालक आतून चालत आला आणि मी चालीवरून ओळखलं. पोट सुटलं होतं, केस गेले होते, पण डावा पाय टाकायची ती पद्धत तीच. मी कर्जाचं सगळं सोडून त्याला तो गोल सांगितला. उभा राहून, शेडमध्ये, हातवाऱ्यांसकट. तळवा, राइट बॅक, झुकांडी, टप्पा. तो वेस्टनं हात पुसत ऐकत होता. सगळं झाल्यावर म्हणाला, “कुठला म्हणताय? फायनलचा का?” म्हटलं, फायनल नव्हे, साधी लीगची मॅच. बराच विचार केला त्यानं आणि म्हणाला, “नाही बा आठवत. त्याच्या पुढल्या वर्षी मी पेनल्टी घालवली हुती, बारवरनं. ती रोज आठवती.” आणि मग, “सायेब, लोनचं काय?”

मी घरी येऊन काकांना सांगितलं. काका म्हणाले, “त्याला कशाला आठवंल? ताप आपल्याला झाला हुता.”

माझ्या आजच्या व्याख्यानाचं सार खरं तर या वाक्यात आहे, पण संयोजकांनी एक तास दिलाय, तेव्हा पुढं जातो.

आता तुम्ही म्हणाल, सर, हे गल्लीतलं झालं, जगातलं काहीतरी सांगा. सांगतो. २३ एप्रिल २००३. मँचेस्टर, ओल्ड ट्रॅफर्डचं मैदान. चॅम्पियन्स लीग म्हणजे युरोपातल्या क्लबांची स्पर्धा, तिची उपांत्यपूर्व फेरी, दोनातला दुसरा सामना. आपल्याकडं रात्रीचे सव्वाबारा. काका तेव्हा निवृत्त झालेले, झोप येत नाही म्हणून माझ्याकडं टीव्हीसमोर बसलेले. पहिला सामना माद्रिदला झाला होता, रेआल माद्रिदनं ३-१ जिंकलेला. म्हणजे मँचेस्टर युनायटेडला घरी दोन गोलांनी तरी जिंकायला हवं होतं. बेकहॅमला मँचेस्टरचे प्रशिक्षक फर्ग्युसन यांनी बाकावर बसवलेलं, यावरच अर्धा तास चर्चा. पंच कोण, तर कोलिना. ते टक्कल आणि ते डोळे. काका म्हणाले, “ह्यो माणूस तालमीत पाहिजे हुता.”

आणि रेआलकडं रोनाल्डो. ब्राझीलचा, थोरला. मी हे स्पष्ट सांगतो, कारण मागं एका शाळेत हीच गोष्ट सांगितली तर पोरं शेवटपर्यंत दुसऱ्याच रोनाल्डोला धरून बसली होती. हा माणूस २००० साली गुडघा फुटून, रोममध्ये, मैदानावर आल्यावर काही मिनिटांतच किंचाळत खाली पडला होता. लोकांनी धरलं होतं की संपला. २००२ च्या वर्ल्ड कपमध्ये त्यानं आठ गोल मारले. अंगानं आता जरा भरलेला, पळण्यापेक्षा चालायलाच जास्त खूश.

बाराव्या मिनिटाला गुतीनं आत बॉल सरकवला. रोनाल्डोनं तो थांबवलासुद्धा नाही, मँचेस्टरचा गोलकीपर बार्तेझ, त्याच्या जवळच्या खांबाकडून घातला. मँचेस्टरच्या फान निस्टेलरॉयनं बरोबरी केली. उत्तरार्धात रोबेर्तो कार्लोसनं समोर आणून दिलेला बॉल नुसता ढकलला, दुसरा. लगेच एल्गेराच्या पायाला लागून रेआलच्याच जाळ्यात, म्हणजे दोन-दोन. आणि मग एकोणसाठाव्या मिनिटाला तिसरा. लांबून. पंचवीस यार्डांच्या आसपास. दोन पावलं सरकला, मान वर केली आणि मारला. बार्तेझ हवेत हात हलवतोय, बॉल मागं.

आता हिशेब बघा. दोन्ही सामने मिळून रेआल ६-३ नं पुढं, आणि बेरीज सारखी झाली तर तेव्हा परक्या मैदानावरचे गोल जास्त मोलाचे धरायचे, ते रेआलचेच जास्त. मँचेस्टरला पुढं जायला आणखी चार गोल हवेत. मॅच तिथं संपली. सदुसष्टाव्या मिनिटाला रेआलचे प्रशिक्षक देल बोस्के यांनी रोनाल्डोला बाहेर काढलं, सोलारीला आत पाठवलं. रोनाल्डो चालत निघाला, नेहमीच्या आळशी चालीनं. आणि ओल्ड ट्रॅफर्ड उठलं. माद्रिदहून आलेला कोपरा तर उठणारच, पण सगळं मैदान उठलं. सहासष्ट हजारांवर माणसं होती त्या रात्री. ज्यानं त्यांच्याच घरात तीन गोल मारून त्यांना युरोपातून बाहेर काढलं त्याच्यासाठी उभं राहून टाळ्या. त्यानं हात वर केले, परत टाळ्या वाजवल्या आणि बाकावर जाऊन बसला.

मी काकांकडं बघितलं. काका टाळ्या वाजवत होते. रात्री दीडच्या सुमाराला, सोफ्यावर बसून, पूर्ण टाळ्या, एकही अर्ध्यात न अडकलेली. आतून बायकोनं विचारलं, “काय झालं?” मी म्हटलं, “डास.”

मग काका शांत झाले आणि एकदम काळजीच्या सुरात म्हणाले, “ही माणसं उद्या पानपट्टीवर कशी जाणार?”

पुढं बेकहॅमनं येऊन दोन गोल मारले, मँचेस्टर ४-३ जिंकलं, एकूणात ६-५ नं हरलं. त्याच उन्हाळ्यात बेकहॅम रेआलला गेला. त्या वर्षीचं इंग्लिश प्रीमियर लीगचं विजेतेपदसुद्धा मँचेस्टरनंच घेतलं. पण त्या हंगामातली ओल्ड ट्रॅफर्डवरची कुठली रात्र लोकांना आठवते विचारा. घरचा संघ जिंकलेली मॅच, आणि आठवतो तो पाहुणा. त्यात गंमत म्हणजे चॅम्पियन्स लीगची फायनल त्या वर्षी त्याच मैदानावर होती. रेआल तिथं पोचलंच नाही, युवेंटसनं वाटेतच अडवलं.

थोडं विषयांतर करतो. संयोजक घड्याळ बघतायत, पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. सगळेच पाहुणे एकसारखे नसतात. लुईस फिगो बार्सिलोना सोडून रेआलला गेला, आणि नोव्हेंबर २००२ मध्ये परत कॅम्प नोऊवर खेळायला आला तेव्हा कॉर्नर घ्यायला गेल्यावर त्याच्यावर बाटल्या, लायटर आणि डुकराचं मुंडकं आलं. मुंडकं! मला पहिला प्रश्न पडला तो व्यवस्थेचा. माणूस घरून निघतो, बायको विचारते पिशवीत काय, हा काय सांगतो? फाटकावर झडती घेणाऱ्याला काय सांगितलं? आपल्याकडं पाण्याची बाटली आत नेऊ देत नाहीत. असो. फिगो परका नव्हता, घरचा होता आणि सोडून गेला होता, हे त्यातलं दुखणं. जो कधी आपला नव्हताच, त्याला टाळी देणं सोपं. फुटून गेलेल्या भावाला द्यायची म्हणजे अवघड. हे मी तुम्हांला सांगायला नको, दोन-दोन हंगामांना तालीम बदलणारी पोरं तुम्हीही बघताय.

उलट त्याच स्पेनमध्ये, १९ नोव्हेंबर २००५, बेर्नाबेऊ, म्हणजे रेआलचं घरचं मैदान. बार्सिलोनाचा रोनाल्डिन्यो. डाव्या बाजूनं बॉल घेऊन निघाला, सर्जिओ रामोसला मागं टाकलं, आत वळला, गोलकीपर कासियासच्या बाजूनं घातला. थोड्या वेळानं जवळजवळ तोच गोल परत, जणू पहिला कुणी नीट बघितला नसेल म्हणून. ३-०. आणि रेआलच्या गॅलरीत लोक उभे राहिले. कॅमेऱ्यानं एक मिशीवाले गृहस्थ दाखवले, शेजारी पोरगं, दोघं टाळ्या वाजवतायत. मी ते दृश्य कितीदा बघितलंय त्याचा हिशेब नाही. त्या गृहस्थांना दुसऱ्या दिवशी ऑफिसात कुणी काय म्हणालं, हे कुणीच विचारत नाही. मला तेवढंच विचारायचं आहे.

बेर्नाबेऊला याची सवय जुनी आहे. १९८३ च्या जूनमध्ये मॅराडोना बार्सिलोनाकडून तिथं खेळला. गोलकीपरला चुकवून रिकाम्या गोलसमोर आला आणि बॉल आत टाकायचं सोडून थांबला. मागून रेआलचा हुआन होसे घसरत येत होता. त्याला येऊ दिलं, बॉल बाजूला घेतला, तो गडी सरळ खांबावर, आणि मग मॅराडोनानं शांतपणे गोल केला. तिथंही माद्रिदकरांनी टाळ्या दिल्या. हे वाचलं तेव्हा मला आमची काडी आठवली. तोच थांबा! ब्वेनोस आयरेसच्या गल्लीत आणि कोल्हापूरच्या गल्लीत एकमेकांना न विचारता तीच अक्कल. २००८ मध्ये युवेंटसच्या देल पिएरोनं तिथंच दोन गोल मारले, त्यालाही उभं राहून निरोप. म्हणजे एका मैदानावर तीन तऱ्हांचे पाहुणे, तीन वेळा तेच.

अजून एक सांगतो, ते फुटबॉल नव्हे, पण इथल्या निम्म्या लोकांच्या डोक्यात केव्हापासून तेच चाललं असणार. चेन्नई, ३१ जानेवारी १९९९. पाकिस्तानविरुद्ध २७१ हवेत. सचिन १३६. पाठदुखीनं वाकलेला. सकलेनच्या बॉलवर गेला आणि पुढचे सगळे पाठोपाठ. १२ धावांनी हरलो. मी त्या दिवशी बँकेतल्या कपाटाला लाथ मारली, ते कपाट अजून वाकडं आहे म्हणतात. आणि चेपॉकचे लोक उभे राहून पाकिस्तानला टाळ्या देत होते, आणि वसीमचा संघ मैदानाला फेरी मारत होता. कपाटाला लाथ मारणारा मी आणि टाळी वाजवणारे ते, एकाच देशाची माणसं. मला स्वतःची लाज वाटायला दोन वर्षं लागली.

चिठ्ठी आली आहे. “सात मिनिटे.” बरं. मुद्दे तिन्ही राहिले आहेत. भराभर घेतो.

पहिला मुद्दा, टाळी कधी वाजते. माझं निरीक्षण असं, की पोटातली भीती संपल्याशिवाय हात मोकळे होत नाहीत. ओल्ड ट्रॅफर्डला चार गोल हवे होते, आशा संपली होती, तेव्हा डोळे उघडले. गोल पडायचा बाकी असेतो आपण बॉल बघतो, माणूस बघत नाही. लिव्हरपूलच्या कॉप नावाच्या गॅलरीकडं पाहुणा गोलकीपर उत्तरार्धात धावत आला की लोक त्याला टाळी देतात, ती रीतच आहे त्यांची. पण ती उत्तरार्धाच्या सुरुवातीला असते, खेळ परत तापायच्या आधी. काका अपवाद. त्यांची टाळी भीती शिल्लक असताना वाजली, म्हणूनच ती मध्येच अडकली.

दुसरा मुद्दा. ही टाळी नेहमी उदारपणाची असते असं समजू नका. बेर्नाबेऊला २००५ साली लोक आपल्या संघावर, आपल्या अध्यक्षावर वैतागले होते. पेरेझनं पुढच्या फेब्रुवारीत पद सोडलं. म्हणजे रोनाल्डिन्योला दिलेली टाळी अर्धी रोनाल्डिन्योला, अर्धी आपल्याच लोकांच्या गालावर. सुनेचं कौतुक शेजारणीसमोर करून लेकीला ऐकवतात, तसं. म्हणून ती खोटी ठरते का? माझ्या मते नाही. मिशीवाल्या गृहस्थाचं पोरगं कुणाच्या गालावर मारत होतं? ते नुसतं बघत होतं.

आणि याला जोडूनच कुस्तीचं. हे मला सविस्तर सांगायचं होतं, आता दोन वाक्यांत. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग गोल आहे. प्रेक्षक चहूबाजूंनी बसतात, आपली बाजू आणि त्यांची बाजू असं तिथं बसूनच होत नाही. पंजाबातून आलेल्या मल्लानं चांगला डाव टाकला तर त्याला इथं फेटा बांधला गेलाय, खिशात नोटा कोंबल्या गेल्यात. आपल्या आजोबांनी कोंबल्यात. तीच तालीम, तेच आजोबा, आणि फुटबॉलच्या गॅलरीत आलो की काकाला पान मिळत नाही. गोलातून चौकोनात आलो आणि काहीतरी झालं. काय झालं ते सांगायला वेळ नाही, आणि खरं सांगू, माझं त्याबद्दल पूर्ण ठरलेलंही नाही.

तिसरा मुद्दा, हा माझा लाडका, आणि याला दोनच मिनिटं आहेत. आपल्या खेळाडूची आठवण सांभाळायला यंत्रणा असते. तालमीत फोटो असतो, कपाटात ढाल असते, कप असतो, गणपतीत पोस्टरवर नाव असतं. पण आपल्या अंगणात येऊन परक्यानं जे केलं, ते कुठं नोंदवायचं? तो निघून जातो, त्याची पेठ कप मोजते, तो गोल कितवा होता एवढंच लिहिते. तो गोल कसा होता हे ज्याच्या तोंडासमोर घडलं त्यालाच माहीत. नेव्हिल डिसोझा हा गोव्याच्या घरातला, मुंबईत खेळलेला गडी. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यानं तीन गोल मारले, आपण ४-२ जिंकलो. आपल्याकडं त्याची नोंद म्हणजे ‘ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई’. आकडा आपल्याकडं आहे. पण तिसऱ्या गोलच्या आधी त्यानं मान कशी वळवली, हे बघितलेला माणूस त्या दिवशी मेलबर्नच्याच बाकावर बसला होता. हरलेला. ती आठवण त्याची. आपल्या लेफ्ट आउटला आपलाच गोल आठवत नव्हता, हे विसरू नका. तो गोल चाळीस वर्षं काकांकडं ठेव म्हणून होता. बँकेच्या भाषेत सांगायचं तर ठेवीदार कधी मागायलाच आला नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे, की प्रत्येक तालमीत एक भिंत, छोटीशी, अगदी शौचालयाकडं जाणारी असली तरी चालेल, समोरच्या पेठांच्या खेळाडूंसाठी ठेवावी. ही सूचना मी मागं एका मंडळाच्या सभेत मांडली होती. सभेचा पुढचा वृत्तांत सांगत नाही.

दुसरी चिठ्ठी. “चहा गार होतोय.” एवढं सांगून थांबतो.

काकांच्या शेवटच्या दिवसांत मी दवाखान्यात त्यांच्याजवळ बसायचो. एका संध्याकाळी तोच गोल निघाला. मी म्हटलं, “शेवटी डोक्यावरून उचलला तो डाव्यानं.” काका म्हणाले, “खुळा हाईस का? उजव्यानं. डाव्या पायावर उभा हुता त्यो.” मी म्हटलं, काका, लेफ्ट आउट होता, डावराच होता. ते म्हणाले, “म्हणूनच. कीपरनं डावा धरला हुता.” आम्ही तासभर भांडलो. नर्सनं येऊन मला बाहेर काढलं. मारणाऱ्याला विचारावं तर त्याला आठवत नाही.

मी अजून डाव्यावरच ठाम आहे. पण अलीकडं रात्री डोळे मिटून बघतो तर कधी डावा दिसतो, कधी उजवा. तेव्हा त्या रविवारी गॅलरीत बसलेलं, साठीच्या पुढचं कुणी आज इथं असेल, हरलेल्या बाजूचं किंवा जिंकलेल्या, तर चहाच्या वेळी मला भेटा. मी खिडकीपाशी उभा असेन. पेठ विचारणार नाही.